पाणथरी वाढली, पण रक्तात हिवताप सापडत नाही : असे का होते?

गव्हाची सोंगणी आणि प्रायश्चित्तकाळ आपल्याकडे बहुधा एकाच वेळी येतात. भोपाळच्या आसपास, सीहोर, रायसेन, विदिशाच्या बाजूला ज्यांची शेती आहे त्यांना हे ठाऊकच आहे. होळी झाली, की मंडला, डिंडोरी, शहडोलकडून मजुरांच्या टोळ्या येऊ लागतात. चैत्रात येतात म्हणून त्यांना इकडे 'चैतुआ' म्हणतात. आता हार्वेस्टर आल्यापासून टोळ्या पूर्वीइतक्या मोठ्या नसतात. तरी हरभरा, मसूर उपटावयास आणि ज्यांना जनावरांसाठी भुसा हवा त्यांच्या गव्हाला अजून विळाच लागतो. शिवाय पुष्कळ कुटुंबे शेतावर न येता सरळ भोपाळ शहरात बांधकामावर जातात. ही माणसे आपल्याबरोबर गाठोडे, भांडी आणि लेकरे आणतात. काहीजण पोटात एक आजारही आणतात. त्याचे नाव त्यांना माहीत नसते, आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही तो चटकन ध्यानात येत नाही. त्याविषयी या वेळी लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेतावर डिंडोरीकडची एक बाई सोंगणीला आली होती. वय तिशीच्या आतले. दुपारी सावलीत बसली, की डाव्या बरगडीखाली हात धरून बसे. पोट पुढे आलेले, चेहरा फिकट, पायांना किंचित सूज. आमच्या घरच्या बायकांना वाटले, तिला दिवस गेले असावेत. म्हणून त्यांनी तिला पेंढ्या बांधण्याचे हलके काम दिले. मुकादम तिला कामचुकार म्हणे. खरे सांगायचे, तर आमच्याही मनात एकदोनदा तेच आले. ताप येतो का म्हणून विचारले, तर महिनाभरात आला नाही म्हणाली. बाजारच्या गावातील एका डॉक्टरने सलाईनची बाटली लावली आणि ताकदीची सुई दिली. पैसे गेले, बाई तशीच राहिली. मग रक्त काढून काचपट्टी तपासली, तीत हिवतापाचे जंतू नव्हते. चार दिवसांनी पुन्हा तपासली, पुन्हा कोरी. सोनोग्राफीत पाणथरी बेंबीपर्यंत आलेली दिसली. हिमोग्लोबिन ६, पांढऱ्या पेशी कमी, रक्त गोठविणाऱ्या चकत्याही कमी. कोणीतरी 'रक्ताचा कर्करोग' असा शब्द उच्चारला आणि तिच्या नवऱ्याने परत जावयाची तयारी सुरू केली. मरायचेच तर आपल्या गावी, असा त्याचा विचार.

शेवटी शहरातील एका मोठ्या रुग्णालयात एका वयस्क डॉक्टरांनी तिला तपासले. त्यांनी पोटाला हात लावण्याआधीच विचारले, "बाई, गाव कोणते? जंगलाजवळ का? लहानपणी थंडीताप किती वेळा यायचा?" ती म्हणाली, "दर पावसाळ्यात."

आमच्या मते निम्मे निदान तेथेच झाले.

आता पाणथरी म्हणजे काय ते थोडे पाहू. शास्त्रीय नाव प्लीहा. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांच्या आत, जठराच्या मागे, मुठीएवढा जांभळट रंगाचा हा अवयव असतो. निरोगी माणसात त्याचे वजन साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम भरते आणि तो बाहेरून हाताला लागत नाही. त्याचे काम चाळणीचे. रक्त त्यातून जाते तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी आणि जंतू लागलेल्या पेशी तो बाजूला काढतो. हिवताप झाला, की जंतू तांबड्या पेशींतच राहतात. म्हणून चाळणीवरचे काम वाढते आणि पाणथरी सुजते. औषध घेतले, ताप गेला, की ती पुन्हा आत जाते. हा झाला नेहमीचा प्रकार. तो आपल्या आजोबा-पणजोबांनाही माहीत होता.

परंतु जेथे वर्षानुवर्षे, दर पावसाळ्यात हिवताप येतो, तेथील काही थोड्या माणसांत वेगळेच घडते. शरीर हिवतापाविरुद्ध जी प्रतिद्रव्ये तयार करते, त्यांतील एका जातीची, 'आयजीएम' नावाची, ती बेसुमार होऊ लागतात. जणू पाटाचे पाणी एकदा सोडले आणि दार बंद करणारा माणूसच झोपी गेला. ही प्रतिद्रव्ये एकमेकांत गुंतून त्यांचे पुंजके होतात, आणि ते रक्तातून काढण्याचे काम पुन्हा पाणथरीवरच येते. ती वाढते, वाढतच जाते. मोठी झालेली चाळण मग चांगल्या पेशीही अडकवून ठेवते. म्हणून माणूस पांढराफटक पडतो. त्याचे पुष्कळसे रक्त पाणथरीतच अडकलेले असते. अशी पाणथरी दोन किलोच्याही वर गेलेली आढळली आहे. या विकाराला पूर्वी 'ट्रॉपिकल स्प्लेनोमेगली' म्हणत. आता 'हायपररिॲक्टिव्ह मलेरियल स्प्लेनोमेगली' म्हणतात. मराठीत आपण हिवतापाची महापाणथरी म्हणू. नाव लांबलचक असो की आखूड, वेळीच ओळखले नाही तर माणूस दगावतो. बहुधा तो हिवतापाने नव्हे, तर कमी झालेल्या पांढऱ्या पेशींमुळे होणाऱ्या दुसऱ्या एखाद्या संसर्गाने जातो.

हा विकार सर्वांना का होत नाही? घानामधील अभ्यासात तो काही घराण्यांत अधिक दिसला, म्हणजे रक्ताच्या नात्याचा काही भाग असावा. लहान मुलांत तो क्वचित. तरुण आणि मध्यम वयाच्या माणसांत जास्त, आणि पुष्कळ ठिकाणी पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. पापुआ न्यू गिनीत वातुत नावाच्या नदीचे खोरे आहे. तेथे एके काळी बहुतेक प्रौढ माणसांची पोटे अशीच पुढे आलेली असत, आणि लोकांना ते इतके नित्याचे झाले होते, की त्यात आजार आहे असे कोणाला वाटतच नसे. आपल्याकडे इतके नाही, पण मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात मोठ्या पोटाकडे "असायचेच" म्हणून पाहण्याची वृत्ती आम्ही पाहिली आहे.

पाणथरीवरून हिवताप ओळखण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे, आणि तिचा संबंध थेट शेतीशी आहे. १८४७ च्या सुमारास पश्चिम यमुना कालव्याच्या काठच्या गावांत तापाने फार माणसे मेली. तेव्हा डेम्पस्टर नावाच्या सरकारी डॉक्टरने गावोगाव फिरून मुलांची पोटे चाचपली. जेथे कालव्याचे पाणी मुरून जमीन चिबड झाली होती, तेथे पाणथरी वाढलेली मुले जास्त सापडली. जेथे निचरा चांगला, तेथे कमी. हिवतापाचा जंतू तेव्हा कोणी पाहिलाही नव्हता. तो १८८० साली लावेरान यांनी अल्जीरियात पाहिला. डासाचा हात त्याहून पुढे १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखविला. सूक्ष्मदर्शक नसताना केवळ हाताच्या बोटांनी डेम्पस्टरने जे सांगितले, ते खरे ठरले. आजही गावातील किती मुलांची पाणथरी हाताला लागते, यावरून तेथे हिवताप किती मुरलेला आहे याचा अंदाज बांधता येतो.

मग काचपट्टी कोरी का? हा प्रश्न आम्ही त्या डॉक्टरांना विचारला होता. ते म्हणाले, ज्याला हिवताप पुन:पुन्हा होऊन गेला त्याचे शरीर जंतूंना पुरते मारीत नाही, पण डोके वर काढू देत नाही. रक्तात जंतू असतात, पण इतके थोडे, की सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात एकही न येणे सहज शक्य आहे. पोत्यातून मूठभर गहू काढला आणि त्यात खडा आला नाही, म्हणून पोत्यात खडा नाही असे होत नाही. आशा कार्यकर्तीजवळच्या पट्टीच्या झटपट तपासणीचेही तसेच. ताप चढलेल्या माणसात ती उत्तम काम करते, पण इतक्या थोड्या जंतूंपुढे ती फिकी पडते. 'पीसीआर' ही बारीक तपासणी कधी कधी जंतू दाखविते. हिवतापाविरुद्धची प्रतिद्रव्ये मोजली तर ती फार चढलेली दिसतात, आणि एकूण आयजीएमही चढलेले असते. बरगडीखाली पाणथरी निदान दहा सेंटीमीटर आलेली, प्रतिद्रव्ये चढलेली, दुसरे कारण सापडत नाही, आणि हिवतापाच्या औषधाने पाणथरी उतरते, या चार गोष्टी जमल्या म्हणजे निदान पक्के समजतात. औषधानंतर सहा महिन्यांत पाणथरी निदान चाळीस टक्के कमी व्हावी, अशी अपेक्षा धरतात. म्हणजे निदानाचा शेवटचा पुरावा उपचारातूनच मिळतो. आणि म्हणूनच रोग्याने सहा महिन्यांनी पुन्हा तोंड दाखविणे जरुरीचे.

यातील "दुसरे कारण सापडत नाही" हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. आम्ही हा लेख वाचून कोणी मोठ्या पोटाच्या प्रत्येक माणसाला हिवतापाच्या गोळ्या द्याव्यात म्हणून लिहीत नाही. तसे केले तर घात होईल. बांधकामावर बिहार, झारखंडकडूनही मजूर येतात. तिकडे काळा आजार आहे, वाळूमाशीने होणारा. त्यातही पाणथरी मोठी, रक्त कमी. पण त्याची तपासणी वेगळी, औषध वेगळे. आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथे सुरू झाली, ती उगाच नव्हे. थॅलेसेमिया, यकृताचे विकार, क्षय, रक्ताचे कर्करोग, या सर्वांत पाणथरी वाढते. एका जातीचा सावकाश वाढणारा कर्करोग तर हिवतापाच्या महापाणथरीसारखा हुबेहूब दिसतो, इतका की आफ्रिकेतील जाणत्या डॉक्टरांनाही दोन्हींत फरक करणे जड गेले आहे. म्हणून निदान मोठ्या रुग्णालयातच व्हावे. आपले काम वेगळे आहे.

आपले काम म्हणजे गाव सांगणे. मजूर शहरात आला, की त्याचा पत्ता 'कोलार रस्त्यावरची झोपडी' किंवा 'अमक्याचे शेत' असा होतो. केसपेपरवर भोपाळ लिहिले जाते. भोपाळचा माणूस म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात महापाणथरी येईलच कशी? आणि दिवसेंदिवस ती आणखी कमी येणार, कारण हिवताप कमी होत आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिला ही दुसरी बाजूही आहे. मंडला जिल्ह्यात २०१७ पासून १,२३३ गावांतून हिवताप घालविण्याचा एक मोठा प्रयोग झाला. तेथे घरोघर ताप शोधून रक्त तपासले गेले आणि रोगी पुष्कळ घटले. जबलपूरला १९८४ साली निघालेली आदिवासी आरोग्याची केंद्रीय संशोधन संस्था या पट्ट्यातील हिवतापावर कितीतरी वर्षे काम करीत आली आहे. २०३० पर्यंत देशातून हिवताप नाहीसा करण्याचे ध्येय आहे. पण ताप थांबला, तरी आधीच्या वीस पावसाळ्यांनी वाढविलेली पाणथरी तशीच पोटात राहते, आणि तरुण डॉक्टरांनी ती कधी पाहिलेली नसते.

परदेशातही हीच अडचण आहे. इटलीत वेरोना शहराजवळ नेग्रार येथे संत जॉन कालाब्रिया यांच्या संघाचे पवित्र हृदयाच्या नावाचे रुग्णालय आहे. आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांत हा विकार तेथील डॉक्टरांनी बारकाईने अभ्यासिला आहे. जेथे हिवताप नाही तेथे येऊन राहिलेल्या माणसाला महिने, कधी वर्षे लोटल्यावर पाणथरीचा त्रास सुरू होतो आणि पुष्कळदा आधी कर्करोगाचीच शंका घेतली जाते. पण एक दिलासाही त्यातून मिळतो. जो माणूस आता हिवतापाच्या प्रदेशात परत जाणार नाही, त्याला हिवतापाच्या औषधाचा एक नेहमीचा क्रम पुष्कळदा पुरतो. नवी लागण थांबली, की पाणथरी आपोआप ओसरू लागते.

आपला चैतुआ मात्र परत जातो. ज्येष्ठ संपतासंपता तो आपल्या शेतावर धान पेरावयास निघतो, आणि तिकडे पावसाळ्यानंतर जंगलातील झऱ्यांवर 'फ्लुविआटिलिस' आणि धानाच्या बांधीत, नदीच्या डबक्यांत 'क्युलिसिफेसिस' या जातींचे डास त्याची वाट पाहत असतात. पुन्हा डंख, पुन्हा जंतू, पुन्हा पाणथरी. म्हणून परत जाणाऱ्याला संरक्षक गोळी महिनोन्‌महिने, कधी त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागते. गोळी कोणती हे डॉक्टरच ठरवितील. 'प्रायमाक्विन' हे औषध यकृतात दडून बसणाऱ्या 'व्हायव्हॅक्स' जातीच्या हिवतापावर द्यावे लागते. पण काही घराण्यांत 'जी-सिक्स-पीडी' नावाचा घटक रक्तात कमी असतो आणि त्यांना या औषधाने तांबड्या पेशी फुटून लघवी काळसर होऊ शकते. तसे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

औषधावरून एक आठवण. सतराव्या शतकात रोममध्ये हिवतापाने माणसे मरत असत, तेव्हा पेरू देशातून जेजुइट धर्मगुरूंनी सिंकोना झाडाची साल आणली. कार्डिनल हुआन दे लुगो यांनी ती गोरगरिबांना वाटविली. लोक तिला 'जेजुइटांची पूड' म्हणत. पुढे तिच्यातूनच क्विनीन निघाले.

आता काय करू नये ते. वाढलेली पाणथरी चोळू नये. तेल लावून पोट उतरविणारी माणसे अजून गावोगाव आहेत. पण मोठी पाणथरी पातळ सालीच्या पिकल्या फळासारखी असते. जोराने दाबली, पोटावर मार बसला किंवा माणूस ट्रॅक्टरवरून पडला तर ती फुटते आणि आतल्या आत रक्त वाहते. डाव्या बाजूला एकाएकी कळ, डाव्या खांद्यात दुखणे, घाम, चक्कर, नाडी बारीक : असे झाले, की मिस्साही सोडून गाडी जोडावी, तासाभराचाही उशीर परवडत नाही. पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची चालही आदिवासी भागात आहे. मेळघाटात तिला 'डंबा' म्हणतात, शहडोलकडे 'दागना'. तिने पाणथरी उतरत नाही, लेकरू भाजते. पाणथरी कापून काढण्याची घाईही डॉक्टरांना करावयास लावू नये. ती काढलेल्या माणसाला पुढे हिवताप आणि इतर जंतू फार जड जातात. दुसरा उपाय उरला नाही तरच शस्त्रक्रिया.

आणि हा संसर्गाने शेजाऱ्याला लागणारा रोग नव्हे. अशा माणसाचे ताट, पाणी, अंथरूण वेगळे करू नये. तिच्या रक्तातील थोडे जंतू आपल्या गोठ्याजवळच्या डासांमार्फत दुसऱ्याला लागू शकतात, हे खरे. पण त्यावर उपाय म्हणजे मजुरांच्या खोपीत मच्छरदाणी देणे आणि तिचा उपचार पुरा करणे. हाकलून देणे नव्हे.

ताप असताना माणूस बरळू लागला, झटके आले, लघवी कमी किंवा काळी झाली, डोळे पिवळे पडले, तर तो वेगळा, तातडीचा हिवताप होय. तेथे गाव कोणते हे गाडीत बसल्यावर सांगावे. 'मलेरी' जातीचा जुना हिवताप क्वचित मुलांच्या मूत्रपिंडाला धरतो आणि चेहरा, पाय सुजतात; तेही डॉक्टरांना सांगण्यासारखे.

मजूर टोळीतील कोणी आजारी पडले, तर आम्ही आता एक चिठ्ठी लिहून देतो. मूळ गाव आणि तालुका, जंगल किंवा झरा किती जवळ, तेथून कधी निघाले, लहानपणापासून ताप किती वेळा, शेवटचा ताप कधी, घरात आणखी कोणाचे पोट असे आहे का, पूर्वी रक्त दिले गेले का. सिस्टरांच्या दवाखान्यात अशी चिठ्ठी नेली, की त्या पुढे हमीदिया किंवा एम्समध्ये पाठविताना तीच केसपेपरला जोडतात. पाच मिनिटांचे काम आहे. मुकादमाला विचारू नये. त्याला गावे ठाऊक असतात, ताप नसतात. बाईला तिच्या भाषेत, दुसऱ्या बाईकडून विचारावे.

त्या डिंडोरीच्या बाईच्या काळा आजार, सिकलसेल, कर्करोग अशा सर्व तपासण्या झाल्या. हाडातील मगजही काढून पाहिला. मग हिवतापाचे औषध सुरू झाले. झावळ्यांच्या रविवारी ती शेतावर परत आली तेव्हा पोट तसेच होते, पण पायांची सूज उतरली होती. पावसापूर्वी गावी निघाली तेव्हा पाणथरी चार बोटे कमी झाली होती. डॉक्टरांनी हिंदीत कागद लिहून दिला, संरक्षक गोळ्या दिल्या, आम्ही दोन मच्छरदाण्या दिल्या. पुढच्या चैत्रात ती आली नाही. मुकादमाने सांगितले, की श्रावणात नदीला पूर होता, दोन महिने गोळ्या मिळाल्या नाहीत, आणि पोट पुन्हा फुगले. कागद मात्र तिने जपून ठेवला होता. तो पाहून तिकडच्या सरकारी डॉक्टरने काही न विचारता औषध पुन्हा सुरू केले. यंदा तिची बहीण आली आहे. तिचीही पाणथरी आम्ही सिस्टरांकडून तपासून घेतली. दोन बोटे लागते.